दादाच्या गाडीतला गॅस

एकाहत्तर... तपासणी-यंत्राच्या काचेवर आकडा ठाम उभा होता, आणि तो अंगठ्याने काच पुसून पुन्हा पाहत होता — जणू डाग गेला की शंभर दिसणार होते. शंभरातले एकाहत्तर भाग एसीचा गॅस, बाकीचं दुसरंच काहीतरी, कुठल्याशा स्वस्त डब्यातलं. आधी हे यंत्र लावायचं, गॅस शुद्ध असेल तरच मशीनने ओढून टाकीत घ्यायचा, गाळायचा आणि परत गाडीत भरायचा. गाड्यांचे एसी दुरुस्त करायला लागल्यापासून अकरा वर्षांत हा क्रम त्याने एकदाही मोडला नव्हता. आज अर्धा गॅस ओढून झाल्यावर यंत्राची आठवण झाली, आणि टाकीतला महिनाभराचा चांगला गॅसही नासला.

कारण गाडी दादाची होती. आई गेल्यावर तिच्या खोलीवरून दोघा भावांत शब्दाने शब्द वाढला, दादाने बोलणंच टाकलं, त्याला तीन वर्षं झाली. आणि आज दारात गाडी लावून, कालच भेटल्यासारखा, "एसी गार होत नाहीये रे, बघतोस का?" — याला इतका आनंद झाला की कसलं भानच राहिलं नाही. आता कळत होतं, दादा इतके दिवस दुसऱ्या कुणाकडे जात होता. विचारलं तर उठून जाईल... नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

न विचारता हाच गॅस परत भरला तर? आज गार लागेल. महिन्याभरात एसीचा कॉम्प्रेसर बंद पडेल, आणि दादा पुन्हा येईल. नीट काम केलं तर दोन-चार वर्षं दादाला इकडे फिरकायचं कारणच नाही — त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण विचार लगेच जाईना, हवाहवासा वाटत राहिला. इतका एकटा पडलोय मी? सख्ख्या भावाची गाडी बिघडावी म्हणून...

"झालं का रे?" खुर्चीतून दादाने विचारलं.

त्याने टाकीची तोटी बंद केली, खडूने तिच्यावर मोठी फुली मारली. "नाही दादा. आतला गॅस खराब आहे. सगळा काढून नवा भरतो. तासभर लागेल."

तो कुणी भरला हे दादाने सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही.

"लागू दे," म्हणत दादा पुन्हा टेकून बसला.

काम खरं तर चाळीस मिनिटांचं होतं. पंप सुरू करून तो इंजिनावर वाकला, आणि खोटं बोलून मिळवलेली ती वीस मिनिटं त्याला एकदम फार मोठी वाटू लागली. एवढ्या वेळात दादाशी बोलायचं काय, ते काही केल्या सुचेना, आणि पाठीमागे खुर्ची जरा करकरली की दादा उठून निघाला की काय म्हणून तो मान वळवून बघत होता.