डायव्हर्जनवरची येळवस

आमच्या ओढ्यावरचा नवा पूल दसऱ्यालाच तयार झाला होता. तरी मार्गशीर्ष सरत आला तेव्हाही उमरग्याहून कर्नाटकाच्या सीमेकडं जाणारी एकूण एक गाडी आमच्या रानातून जात होती. एसटी, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, सगळं.

जुना दगडी पूल निजामाच्या काळातला. कमानीला भेगा पडल्या, एका बाजूचा कठडा ओढ्यात गेला. तो पाडला याची आमची तक्रार कधीच नव्हती. ठेकेदाराचा सुपरवायझर कृष्णराज आमच्या उंबऱ्यात बसून, मी केलेला चहा पिऊन माझ्या सासऱ्यांना म्हणाला होता, "मामा, पूल होईस्तोवर तुमच्या रानातनं डायव्हर्जन काढू द्या. दिवाळीला सगळा मुरूम उचलून रान होतं तसं करून देतो."

दिवाळी गेली. मुरूम तिथंच. आमचं रान मधोमध चिरलेलं, दोन्ही अंगाच्या हरभऱ्यावर धुळीचा थर, आणि त्याच्या शेजारी नवाकोरा पूल वाळूनं भरलेली पिंपं आडवी लावून बंद ठेवलेला. कधीही विचारा, कृष्णराजचं एकच उत्तर, "टेस्टिंग राहिलंय."

त्यात एक दिवस सरपंच पारावर सासऱ्यांना म्हणाले, "हणमंतप्पा, राहू द्या की आता त्यो रस्ता. लोकांना सवय झालीय. एकदा वहिवाट पडली की तुमी मोडतो म्हनलाव तरी मोडता येत न्हाय." वर हसलेसुद्धा. म्हणजे आमचं रान कायमचं रस्त्यात घालायचं यांचं ठरलेलंच होतं, आम्हाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

सासऱ्यांनी घरी येऊन हे सांगितलं. माझ्या सासूबाई, महादेवी, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो, त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. "येळवस कवा हाय?" एवढंच विचारलं.

येळवस आमच्याकडं दिवाळीहून मोठी. मार्गशीर्षातल्या अवसेला घराला कुलूप घालून सगळी माणसं रानात. कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच दगड मांडायचे, तेच पांडव. पूजा करायची, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. त्या दिवशी रानात पाऊल टाकलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, आणि उभ्या कोपीला कुणी हात लावत नाही. वैऱ्याच्यासुद्धा.

आमची कोपीची जागा ठरलेली, बाभळीखाली. डायव्हर्जनसाठी ती बाभळ तोडली, मशीननं पांडव मुरमात लोटले. अव्वांनी ते पाचही दगड हुडकून गोठ्यात आणून ठेवले होते.

येळवशीच्या सकाळी सासरे म्हणाले, "औंदा बांधाला मांडू."

"पांडव काय पाव्हनं हायत व्हय बांधाला बसवायला?" अव्वा म्हणाल्या आणि कडब्याच्या पेंढ्या काखेत मारून थेट रस्त्याच्या मधोमध गेल्या. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन मी त्यांच्या मागं. सासरे क्षणभर उभे राहिले, मग पहार घेऊन आले. मुरूम फोडून त्यांनी जागा केली. पेंढ्या उभ्या राहिल्या, वरून हिरवी शाल पडली, आत चुना लावलेले पांडव बसले.

पहिला आला उसाचा ट्रॅक्टर. मग एसटी. मग ट्रकांची रांग. हॉर्नचा नुसता कल्ला. सासरे "ओलगे-ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत कोपीभोवती आंबील शिंपडत राहिले. मोटरसायकलवाले कडेनं हरभरा तुडवत निघाले होते. त्यांच्यापुढं मी खुरपं घेऊन उभी राहिले. ते थांबले.

एसटीचा ड्रायव्हर उतरून तरातरा आला. कोपी दिसली तशी त्यानं पायातली चप्पल काढली. "मावशी, रस्त्यात मांडलाव की!"

"रस्त्यात न्हाय, बाबा. रस्ता आमच्या पांडवावर मांडलाय. बस, जेव."

काय करणार बिचारा? बसला. त्याच्यामागं कंडक्टर, मग बायाबापड्या. येळवशीची भज्जी नेहमीच चार गावांना पुरेल इतकी करतात. एक कानडी ट्रकवाला तर आंबिलीचा दुसरा पेला मागत अव्वांशी कानडीत आमच्याच हरभऱ्याची चौकशी करायला लागला.

तेवढ्यात कृष्णराज पोलिसांच्या बीट जमादाराला मोटरसायकलवर मागं बसवून आला. लांबूनच ओरडला, "आधी ते खोपाट काढा! जमादार, लाथ घाला त्याला!"

जमादार कोपीकडं बघत राहिले. "आज? येळवशीला?" ते म्हणाले. "तुमी घाला. माझी आई घरी जित्ती हाय अजून."

लोक हसले. कृष्णराज लालबुंद. "मग गाड्या कुठनं काढू?"

"त्यो काय तुमचा पूल!" मी म्हणाले. "नवरात्रात भरलेलं टिप्पर उभं करून टेस्टिंग केलाव. त्या दिवशी पेढं तुमीच वाटलाव. मी खाल्लाय."

"खरं हाय काय हे?" जमादारांनी विचारलं.

"टेस्टिंग झालंय, पण..."

"पण काय? पूल मजबूत हाय का न्हाय?"

"हाय की! रणगाडा जाईल. पण आमदार साहेबांची तारीख मिळंना उद्घाटनाला."

धूळ खाऊन खोकणारी, दवाखान्याला उशीर झालेली, रोज या खड्ड्यांत पाठ मोडून घेणारी सगळी माणसं तिथं होती. कुणाच्या तरी रिबिनीसाठी आपण हे भोगतोय, हे त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकलं.

"मायला!" उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं हातातला उंडा संपवला, हात धोतराला पुसले आणि पुलाकडं निघाला. त्याच्यामागं कानडी ट्रकवाला, कंडक्टर, कॉलेजची पोरं. पिंपं ढकलत ढकलत कडेला गेली. कृष्णराज आडवा आला, तर एक म्हातारी त्याला म्हणाली, "सर बाजूला, न्हायतर तुलाबी पिंपासंगट ढकलतील." जमादार आंबील पीत होते. पेला मोठा होता.

गाड्या माघारी वळल्या आणि पुलावरून गेल्या. कुणी नारळ फोडला नाही. पूल पडला नाही.

पण अव्वांचं काम संपलं नव्हतं. माणसं पांगली की पिंपं परत जागेवर येणार, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही नांगर घेऊन रानात होतो. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी सरपंचांच्या भीतीनं अंग चोरलं, म्हणून घरचेच बैल. मुरूम दाबून दाबून फरशीसारखा झालेला. फाळ शिरेना. सासरे पहारीनं फोडायचे, मी खोऱ्यानं ओढायची, मग अव्वा बैल हाकायच्या. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नांगराचे आडवे तास पडत गेले.

कृष्णराज चार गडी घेऊन पिंपं लावायला आला आणि हे बघून जागीच थांबला. आता पूल बंद केला तर गाड्यांना जायला वाटच नाही. खापर त्या आमदार साहेबांच्या डोक्यावर फुटणार.

"सरकारी रस्ता मोडताव! केस करीन!"

"कर की," अव्वा म्हणाल्या. "नाव नीट लिव. महादेवी हणमंतप्पा बिराजदार. आनि रान कुनाचं हाय तेबी लिव त्याच कागदावर."

तो काहीतरी बोलत राहिला. पुलावरून एसटी जात होती, त्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. सासऱ्यांनी पुढचा दगड उपटला आणि अव्वांनी बैल वळवले.