पोथिती होडी आणि थेमेलिसची नात

मित्रांनो, कालिम्नोस बेटाच्या बंदरात माझ्याहून म्हातारी लाकडी होडी तुम्हाला क्वचितच सापडेल. माझं नाव पोथिती. मिकेस मिस्त्रींनी मला पाइनच्या लाकडातून घडवलं. एक डोळा मिटून ते फळीकडे बघायचे आणि मगच रंधा मारायचे. मालक साकेलारीस यांनी आपल्या आईचं नाव मला दिलं. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा सगळ्या बंदराने माझं कौतुक केलं. मी जराशी फुगलेही. अर्थात लाकडी होडीने पाण्यात फुगलेलंच बरं असतं, फळ्यांच्या फटी बुजतात.

पुढे मी मासे आणले, समुद्रतळावरून काढलेले स्पंज आणले, लग्नाची वऱ्हाडं नेली. एक काम मात्र मला नकोसं वाटे. त्या काळी मोठी जहाजं धक्क्याला लागत नसत, दूर खोल पाण्यात थांबत. परदेशी निघालेल्या माणसांना तिथवर मी पोचवायची. त्यांतच एक थेमेलिस होता. तो ऑस्ट्रेलियात डार्विनला चालला होता. इतरांना निरोप द्यायला सगळं घर लोटलं होतं, त्याच्यासाठी कुणीच आलं नव्हतं.

"तुझी बहीण कुठंय रे?" साकेलारीसांनी विचारलं.

"सेवास्ती नाही यायची," तो म्हणाला. "म्हणाली, म्हातारी आई माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून चाललास, आता पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस."

एवढंच बोलून तो माझ्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, जाऊन बसला.

त्यानंतर फायबरच्या होड्या आल्या आणि मला किनाऱ्यावर ओढून ठेवलं गेलं. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. साकेलारीस वारले. मला फोडून जळण करायची बोलणी चालली होती, तेवढ्यात एफ्तिखिया बाईंनी उन्हाळी शाळा काढली. परदेशी गेलेल्यांची नातवंडं सुट्टीत इथे यायची आणि आपल्या आजोबांची भाषा, त्यांचे नाच शिकायची. त्यांना बेटाभोवती फिरवायला बाईंना होडी हवी होती. साकेलारीसांची मुलगी नोमिकी हिने माझ्या भेगा बुजवल्या, मला निळा रंग दिला आणि सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात शाळेत डार्विनहून थेमेलिना आली. थेमेलिसची नात, आणि आजोबांच्याच नावावरून नाव ठेवलेली. शाळेचे शेवटचे दिवस आले. बाकीची मुलं आपापल्या नातेवाइकांकडे जेवून आली होती. हिच्या आजोबांची बहीण, तीच सेवास्ती, बेटाच्या मागच्या खाडीत बकऱ्या घेऊन एकटी राहत होती. तिथे रस्ता जात नाही, होडीच जाते. पण आजोबांनी हिला बजावलं होतं, "तिकडे फिरकू नकोस. हाकलून देईल."

नोमिकीने तिला डिवचलंच. "काय गं, सगळं बेट हिंडलीस, एवढी एक खाडी चुकवतेस. तिथलं पाणी चावतं का?"

"त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"तर परत येऊन माझ्या होडीत बसशील. मी काय तुला टाकून पळून जाणार आहे?"

थेमेलिना हो म्हणाली आणि नेमका मेल्तेमी सुटला. तो वारा सुटला की होड्या बंदरातून हलत नाहीत. इतर मुलं निरोपाच्या नाचाची तालीम करत होती, आणि ही मात्र रोज सकाळी धक्क्यावर येऊन लाटा बघत उभी राहायची. मला तिची काळजी वाटू लागली. परतीच्या आदल्या दिवशी पहाटे वारा पडला. नोमिकी आली तेव्हा थेमेलिना आधीच येऊन बसली होती.

खाडीत शिरलो तर काळ्या कपड्यांतल्या एक आजी काठी टेकत पाण्यापर्यंत आल्या. शाळेत एफ्तिखिया बाईंनी थेमेलिनाकडून नमस्काराची छान वाक्यं घोटून घेतली होती. ती सगळी थेमेलिना विसरली.

"कोणाची गं तू?" सेवास्तीबाईंनी विचारलं.

"थेमेलिसची."

म्हातारीचा हात काठीवर घट्ट झाला. "गेला का तो? तेच सांगायला आलीस?"

"नाही, आजी. हृदयाचं ऑपरेशन झालं. आता बरे आहेत. घरी आलेत."

सेवास्तीबाई तिथेच दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

नोमिकीने माझा दोर खुंट्याला बांधला. मलाही हायसं वाटलं. थोड्याच वेळात अंगणातून कडक पावाचा, टोमॅटोचा आणि बकरीच्या चीजचा वास आला. त्याबरोबर सेवास्तीबाईंचा आवाजही आला. "दारात उभा राहू नकोस म्हटलं होतं मी. अंगणात आला असता तर काय काठी घालणार होते? अक्कल कधी नव्हतीच त्याला."

त्या खाडीत फोनला रेंज येत नाही. म्हणून जेवणं झाल्यावर सेवास्तीबाई आपल्या काळ्या ओढणीला हात पुसत माझ्यात चढल्या. भूशिराच्या बाहेर गेल्यावर नोमिकीने इंजिन बंद केलं. थेमेलिनाने नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"मी सेवास्ती," त्या म्हणाल्या.

पलीकडून थेमेलिसचा थकलेला आवाज आला. "आई माझ्याबद्दल काही बोलली का गं शेवटी?"

"तुझं नाव घेत गेली. रागाने नाही."

"आणि तू?"

"मी रागाने घ्यायची. पण घ्यायची." त्यांनी डोळे पुसले. "आज काय खाल्लंस?"

"सूप."

"सूप खाऊन कोणी उठलंय का अंथरुणातून?"

पलीकडे थेमेलिस हसला आणि त्याला ठसका लागला. लाटा येत होत्या. मी जमेल तेवढी स्थिर राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलं परत गेली. त्यांना निरोप द्यायला सेवास्तीबाईही माझ्यात बसून बंदरात आल्या होत्या. बंदरातून खाडीकडे परतताना सेवास्तीबाई नोमिकीला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांना माझ्याकडे आण. दूध काढायला शिकवते. बोटं लोण्यासारखी आहेत त्यांची."

मित्रांनो, माझ्या शेजारची होडी आता खानावळीसमोर उभी आहे. तिच्यात फुलांच्या कुंड्या ठेवल्या आहेत आणि लोक तिचे फोटो काढतात. जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना असं शोभेला मांडून ठेवू नका. त्यांना काम सांगा, त्यांच्यावर थोडं ओझं टाका. मला वर्षातून एकदा घासा, डांबर लावा आणि पाण्यात ढकला. पुढचं मी बघते.