शिवक्काचा सातवा डाव

"शेवटाला येऊन दोन-चार बॉल टाकनारीचं नाव फलकावर? मग पानी देनाऱ्या पोरीचंबी लिवा की!" अमृतराव सरांनी टेबलावर थाप मारली आणि माझ्या मांडीवर झोपलेली माझी लेक समीक्षा दचकून जागी झाली.

"सर, लेकरू हाय," मल्लेशभाऊ म्हणाले.

"तुला न्हाई गं बाय बोल्लो," सर लगेच तिच्याकडे वाकले. मग आवाज खाली ठेवूनच भांडायला लागले.

लातूरच्या मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत बैठक चालली होती. आमच्या मुलींच्या बेसबॉल संघाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मैदानाच्या दारात काळ्या दगडाचा गौरव फलक बसणार होता. नियम सरांचाच, संघाचे प्रशिक्षक तेच. पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, फलकावर यायची तर तिने तीस सामने सुरू केलेले, म्हणजे पहिल्या डावापासून टाकलेले, पाहिजेत. आमची मुख्य पिचर आरती, तिने एक्केचाळीस सुरू केले होते. शिवकांताने, आमच्या शिवक्काने, अकरा वर्षांत एकही नाही.

"माझ्या वहीत तिचं नाव सत्तावन्न सामन्यांत हाय," मल्लेशभाऊ म्हणाले. पंचवीस वर्षं गुणलेखन त्यांच्याकडेच.

"कितव्या डावात?"

"सहाव्या. सातव्या."

"मग? पंगत उठायला आल्यावर वाढायला आली, तिला सुगरण म्हनायचं का?"

 मला का बोलावलंय ते ठाऊक होतं. मी कॅचर, आठ वर्षं शिवक्काचा प्रत्येक बॉल माझ्या हातात आला होता. पिशवीत समीक्षाच्या दुपट्याखाली माझा जुना ग्लोव्ह होता. तो काढून मी टेबलावर ठेवला. त्याच्या शिवणीत अजून पांढरं पीठ होतं.

शिवक्काची शिरूर अनंतपाळला पिठाची गिरणी. तळहाताला घाम आला की बॉल निसटतो, म्हणून ती रुमालात ज्वारीचं पीठ बांधून आणायची आणि त्यावर हात कोरडा करायची. पोरी हसायच्या, "शिवक्का, भाकरी थापतीस का काय?" ती म्हणायची, "थापते की. कुनाला पायजे?"

सामना सात डावांचा. चौथा डाव लागला की ती गुपचूप उठून खोलीमागे जायची आणि भिंतीवर बॉल मारत खांदा मोकळा करायची. धप, धप, धप. बोलावलं तर यायची. कितीदा बोलावणं यायचंच नाही. मग सगळे बॉल वेचून पिशवीत भरायची आणि शिरूरची एसटी गाठायची.

"सर, नांदेडची फायनल आठवती का?" मी विचारलं.

"ती कोन इसरंल?"

सातवा डाव, आम्ही एका धावेनं पुढे. आरतीचा खांदा गेलेला, तिन्ही बेसवर नांदेडच्या पोरी उभ्या आणि एकही बाद नाही. सरांनी मागे न बघता हात वर केला, आणि शिवक्का रुमालात हात पुसत आत आली. मी धावत तिच्यापाशी गेले. 

"अक्का, काय टाकनार?"

"तू हात धरशील तिथं. जा, बस."

पहिलीला तिने तीन स्ट्राइकमध्ये बाद करून परत पाठवलं. दुसरीने मारलेला बॉल जमिनीवरून तिच्याकडेच आला. तो उचलून तिने होम प्लेटवर माझ्याकडे फेकला, धाव पुरी करायला आलेली बाद. मी पहिल्या बेसवर फेकला, मारणारीही बाद. तीन बाद, संपला सामना. नांदेडची माणसंसुद्धा उभी राहून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात चषक घेतलेल्या आरतीचा फोटो आला. त्यात शिवक्का नव्हती. ती मैदानामागच्या बाभळीत सरावाचे बॉल शोधत होती.

"खेळली न्हाई म्हनतोय का मी?" सर म्हणाले. "नियम हाय."

"त्या फायनलनंतर एसटीत ती तुमच्याजवळ आली होती. मी मागच्याच सीटवर होते. म्हणाली, सर, एकदा तरी सुरुवातीला टाकू द्या. तुम्ही काय म्हणालात?"

 मल्लेशभाऊंनी वही मिटली.

"तुम्ही म्हणालात, 'तुला आधीच टाकली तर शेवटाला मला कोन हाय?'" माझा आवाज चढला. समीक्षा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नंतर तिने कधी विचारलं नाही, सर. तुम्हीच मागं ठेवली तिला. आता मागं राहिली म्हणून वगळता व्हय?"

 सरांनी ग्लोव्ह उचलला आणि शिवणीतलं पीठ बोटानं चाचपलं.

"सहा डाव मी खुर्चीत निवांत बसायचो," ते सावकाश म्हणाले. "लोक म्हनायचे, अमृतराव लई थंड डोक्याचा मानूस. मागं भिंतीवर धप धप चालू असायचं, म्हनून थंड." त्यांनी मल्लेशभाऊंकडे हात केला. "आना तो कागद."

नियमाची ओळ त्यांनी स्वतः खोडली आणि यादीत सर्वांत खाली लिहिलं: शिवकांता, सातवा डाव.

फलकाच्या कार्यक्रमाला मात्र ती आली नाही. शिरूरला त्या दिवशी लाईट फक्त सकाळी येणार होती आणि गिरणीत डब्यांची रांग लागलेली. हार झाले, भाषणं झाली, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला, तेव्हा ती आली. भुवयांवर पीठ तसंच.

"संपलं व्हय गं मंजे?"

"तुझ्या वेळेला आलीस," मी म्हटलं.

ती हसली. फलकापुढे उभी राहून तिने एकेक नाव वाचलं. आरतीचं वाचून म्हणाली, "लई टाकलं पोरीनं. खांदा गेला तिचा." स्वतःच्या नावापाशी थांबली. बोट लावलं नाही, फक्त पदराने त्याच्यावरचा गुलाल पुसला.

मग माझ्याकडे वळली. "ग्लोव्ह आनलायस का?"

सरांनी खुर्ची ओढून समीक्षाला मांडीवर घेतलं, मैदानाकडे तोंड करून. आम्ही दोघी खोलीमागे गेलो. मी बसले, हात धरला. पहिला बॉल आला. धप. तळहात झिणझिणला. दुसरा, तिसरा. आता कोणी बोलावणार नव्हतं, तरी शिवक्का खांदा मोकळा करत होती. मधूनच मी पुढे डोकावले. सर मागे वळून बघत नव्हते. समीक्षा त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती.