ओटीपोटातला खडा

भातकुलीच्या मारुतीसमोर इतकी गर्दी होती, की मागच्यांना खडेबाबाच्या हातातलं पोकळ शिंगच दिसत होतं. लघवी तुंबलेल्या माणसाच्या ओटीपोटाला बाबा ते शिंग लावी, गालफडं आत जाईस्तोवर चोखी आणि रक्तानं माखलेला काळा खडा पानावर थुंकी. लोक जयजयकार करीत. अक्कल घरी ठेवून आलेल्यांना आणखी काय हवं?

आता खाटेवर उत्तमराव माळी कण्हत होता. त्याचा बाप असाच लघवी अडून गेला, मग थोरला भाऊ. त्या भावाची विधवा वच्छला उशाशी उभी होती.

"करणी हाय!" बाबा गरजला. "बापाले खाल्लं, भावाले खाल्लं, आता याची पाळी! अन् करणारी परक्या घरातून आलेली, पांढऱ्या कपाळाची!"

सगळ्या माना वच्छलेकडे वळल्या. सासू पार्बताबाई तिच्यापासून दूर सरकली. कोणीतरी दगड उचलला.

देवाची आज्ञा घ्यायला बाबा पडद्याआड गेला. बाहेर आला तो मुका होऊन. एवढा बडबड्या माणूस! प्रत्येक रोग्याच्या वेळी हेच चाललेलं वच्छलेनं पाहिलं होतं. तिनं पाण्याचा गडवा पुढे केला.

"बाबा, पयले चूळ भरा. मंग लावा शिंग."

बाबानं नकारार्थी मान हलवली.

"काहून? पाणीच त हाय!"

"भरा ना बाबा," उत्तमराव विव्हळला, "मले दम नाई निघून राहिला."

बाबाचा तोल गेला. "चांडाळणी!" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि खडा त्याच्याच दाढीत येऊन अडकला. मागून काताचं लाल पाणी ओघळलं. पडद्यामागे नदीतल्या खड्यांची पुरचुंडी सापडली. जयजयकार करणारे आता एकमेकांची नजर चुकवत होते.

त्याच दिवशी उत्तमरावाला अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली, तपासलं आणि म्हणाले, "मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, प्रोस्टेटला, कॅन्सर दिसतो. बाप, भाऊही बहुधा यानंच गेले. काही घराण्यांत हा रोग रक्तातून उतरतो, वयाबरोबर धोका वाढतो. बाकीची कारणं आम्हालाही पुरती ठाऊक नाहीत."

"म्हंजे माह्या पायगुणानं नाई?" वच्छलेनं विचारलं.

"सासरे वारले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मायच्या घरी. लगनच नव्हतं झालं."

पार्बताबाईनं पदरात तोंड लपवलं. वच्छला मात्र विचारात पडली होती.

"डॉक्टरसाहेब, माहा लेकही याच रक्ताचा. त्याले?"

"होईलच असं नाही. पण चाळिशी उलटली की तपासायला आणा."

शस्त्रक्रियेनंतर उत्तमराव आणखी काही वर्षं मळ्यात राबला.

लोकहो, सुनेच्या लग्नाआधीच सासऱ्याला मारणारी ही कसली करणी, एवढं तरी विचारा. लघवी अडली तर दवाखाना गाठा. बाप-भाऊ कशानं गेले ते डॉक्टरला न लाजता सांगा. लाजायचंच असेल, तर घरच्या सुनेला चेटकीण म्हणताना लाजा.