अर्धी तिची, अर्धी माझी

काच वाटाण्याएवढी. हँडलच्या डाव्या टोकाला, क्लचच्या लिव्हरच्या बुडाशी तेलाची छोटी डबी असते, तिला बसवलेली. आणि तिच्यात तेलाची रेघ अगदी जिथे असायला हवी तिथेच — म्हणजे तेल कमी झालेलं नाही, म्हणजे गळती नाही, म्हणजे... बबनरावांनी मान आणखी खाली घातली. तेल कमी निघालं असतं तर किती बरं झालं असतं.

आपण मोटरसायकल बिघडलेलीच निघावी म्हणून आलो आहोत, हे त्यांना डोंगरीच्या या गॅरेजसमोर उभं असताना नीट कळलं, आणि थोडी लाज वाटली.

गेले काही दिवस चढावर इंजिन मोठ्यानं ओरडायचं, गाडी मात्र आहे त्याच वेगानं सरपटत राहायची. क्लच सरकतोय. निदान गाडीबरोबर आलेलं पुस्तक तरी तसं म्हणत होतं. ते त्यांनी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलं होतं. पण क्लच सरकतोय, की आपला डावा हातच लिव्हर पूर्ण सोडत नाही? त्या हाताची दोन बोटं पावसाळ्यापासून बधिर वाटत होती. परवा कप पडला. बायकोनं, सुचेतानं, काचा गोळा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी चहा स्टीलच्या पेल्यात आला — इतकंच. गाडीचंही ती असंच करील. चालवू नका म्हणणार नाही. किल्ली खुंटीवर दिसायची बंद होईल. मग पूनम सागरच्या घरापासून इकडे येणारा हा रस्ता, मिठागरं, खारफुटी, आणि मी काही बोलावं अशी कुणाचीच अपेक्षा नसलेला तो तासभर...

सर्व्हिस सेंटरला गाडी देता आली असती. पण गाडी कौस्तुभच्या नावावर. मेसेज बंगळूरला त्याच्या मोबाइलवर गेला असता आणि रात्री मुलाचा फोन — बाबा, काय झालं?

"अंकल, जेवलात?" गॅरेजवाला पायस हात पुसत बाहेर आला. "आई विचारते."

"हो, हो. म्हणजे... चालेल, नको."

"त्यांना आत बोलाव ना रे, उन्हात कशाला उभं केलंस!" आतून त्याच्या आईचा, ॲग्नेसचा, आवाज. बबनराव आणखी एक पाऊल मागे सरकले. तळलेल्या बोंबलांचा वास येत होता आणि त्यांना खरोखर भूक लागली होती.

पायसनं गाडी चढापर्यंत नेली, परत आणली. "मस्त चालते. मला तर न्हाय सरकली."

म्हणजे हात. म्हणजे मीच. पण पायसचं जेवण होईपर्यंत इंजिन थंड झालं होतं, आणि गाडी तापल्यावरच सरकते... हे सांगावं का? कारणं सांगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं वाटेल.

"गरम झाल्यावर होतं," ते शेवटी पुटपुटले.

"मंग गरम करू या. तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

"तुम्ही मागे?"

"का? बायकोशिवाय कोणाला बसवत न्हाय काय?"

उत्तनपर्यंत जाऊन ते वळले. येताना चढावर इंजिन ओरडलं, गाडी रेंगाळली. "सरकली! सरकली!" पायस कानाशी ओरडला, आणि क्षणभर बबनराव सुखावले — नापास होणार म्हणून घाबरलेल्या पोराला परीक्षाच रद्द झाल्याचं कळावं तसे. मग खांद्यावरून एक तेलकट हात पुढे आला.

"अंकल, ती दोन बोटं."

तर्जनी आणि मधलं, लिव्हरवर टेकलेली. जणू तिथेच राहायला आलेली.

"मी ठेवली नाहीत," ते म्हणाले. ते खरंच होतं.

गॅरेजशी आल्यावर पायसनं इंजिनाच्या बाजूचा एक बारीक नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली.

"बघा. आता लिव्हरवर कोणाचं बोट न्हाय, तरी आत दाब हाय. वरच्या डबीतलं भोक चोंदलंय, तापून फुगलेल्या तेलाला परत जायला जागा न्हाय, म्हणून क्लच सरकतो."

"म्हणजे दोष गाडीचाच?"

"गाडीचा पण. आणि बोट ठेवलं की ते भोक तसंही बंदच होतं. अर्धी चूक तिची, अर्धी तुमची. वाटून घ्या. नवरा-बायकोत असंच चालतं."

"तू कधी घेतलीस रे अर्धी?" आतून ॲग्नेस.

बबनराव हसले, आणि हसता हसता बोटांकडे पाहत राहिले. बधिर झाली म्हणून तिथे पडून राहतात, की आधीपासूनच? लग्नसमारंभात दारापाशी उभा राहणारा माणूस. सभेत शेवटची खुर्ची. कुणी दोन शब्द बोला म्हटलं की हात आधीच चपलांकडे... सुटायच्या तयारीतच चाळीस-पन्नास वर्षं गेली असतील, तर त्या बोटांना वेगळं काय शिकवणार?

भोक साफ झालं, नवं तेल भरलं. आता गाडीत दोष उरला नाही. यापुढे ती सरकली तर सगळी चूक माझी. येताना हा विचार नुसता शिवला असता तरी ते गाडी रिक्षास्टँडपाशी सोडून बसनं घरी गेले असते. आता तो आला आणि शेजारच्या प्रवाशासारखा गप्प बसून राहिला.

घरी परतताना राई गावाच्या अलीकडे त्यांनी डावी मूठ घट्ट वळली. घट्ट वळली असं वाटलं. पण मघाशीही आपण काही ठेवलं नाही असंच वाटत होतं ना? बोटांचा भरवसा बोटांनाच विचारून काय उपयोग? ते मागे बसलेल्यालाच दिसतं. मागे बसणारं माणूस एकच.

उद्या तिला घेऊन यायचं. तिला सांगायचं की... काय सांगायचं? सहज फिरायला. नको. डॉक्टरांकडे जाण्याआधी एकदा. हेही नको, लांबलं. वाक्य कापत कापत ते भाईंदरच्या गर्दीपर्यंत आले, तेव्हा त्याचे चारच शब्द उरले होते, आणि हेल्मेटच्या आत, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी ते म्हणून पाहिले —

"माझ्या हाताकडे बघ, सुचेता."

आवाज अनोळखी वाटला. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं.