मागचे पाय

शोकसभा चारची होती, म्हणजे पाच वाजता माइक सापडला. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या क्लबहाऊसमध्ये मराठी मंडळाचा 'हार्दिक स्वागत' असा फलक दिवाळीपासून लटकत होता. २००६चा मार्च उजाडला तरी तो उतरवायची शिडी प्रितमच्या गराजमध्ये होती, आणि प्रितम समोसे आणायला गेला होता.

आसावरी पहिल्या रांगेत बसली होती. तिची आई, पद्मिनीबाई, महिन्यापूर्वी गेली. नागपूरला भूविज्ञान खात्यात तिनं तीस वर्षं हाडांची चित्रं काढली. लेकीकडे आल्यावरही ती ग्रंथालयातून सव्वाशे वर्षांपूर्वीचे जाडजूड अहवाल मागवायची आणि त्यातले सांगाडे शाईनं कागदावर उतरवायची. शेवटचा एका राक्षसी सरड्याचा. त्या जुन्या चित्रकारांचा नेम तोच तिचाही: हाड सापडलं असेल तर बारीक रेघांनी भरायचं, नसेल तर नुसते ठिपके, आणि पुढं गप्प बसायचं. या सरड्याचे मागचे पाय कुणालाच सापडले नव्हते.

स्टेजवर फ्रेम करून ठेवलेल्या त्या चित्रात मात्र ते होते. काळेभोर, गुबगुबीत.

"सुनेत्राकाकू, हे..."

"आवडले ना? माझ्याकडे फ्रेमिंगला दिलंस तेव्हाच म्हटलं, ताईंचं अर्धवट राहिलंय गं. लंगडं दिसत होतं बिचारं! पेन्सिलनंच केलंय, पण मन लावून." काकू हॉबी क्लास चालवायच्या.

मग अध्यक्ष शैलेंद्रकाका उभे राहिले. "पद्मिनीताईंना मंडळ म्हणजे जीव की प्राण!"

आई मंडळात एकदाच आली होती, आणि घरी जाऊन तिनं डोकेदुखीची गोळी घेतली होती. पुढच्या वक्त्यानं तिला गाण्याचा कान दिला, त्यापुढचीनं मोदकांचा हात. आईचे मोदक हमखास फुटायचे. अर्ध्या तासात मंडळींनी एक अख्खी बाई उभी केली. आसावरीची तिच्याशी ओळख नव्हती.

"आसावरी, दोन मिनिटं हं," शैलेंद्रकाका म्हणाले. " समोसे गार होतायत."

ती स्टेजवर गेली. पर्समध्ये आईचं खोडरबर होतं. ते कुठं ठेवावं हे तिला महिनाभर सुचलं नव्हतं. फ्रेम उलटी करून तिनं कागद काढला, टेबलावर पसरला आणि मागचे पाय खोडायला घेतले.

"अगं, हे काय! दोन दुपारी घालवल्यात मी त्याच्यावर!"

शाई हलली नाही. पेन्सिल गेली तसे ठिपके पुन्हा दिसू लागले. भुगा फुंकून तिनं माइक घेतला.

"आई शांतपणे गेली, असं मी तुम्हा सगळ्यांना मेल केलं होतं," ती म्हणाली. "मी तिथं नव्हते. ऑफिसचा सॉफ्टवेअर रिलीजचा कॉल चालू होता. हॉस्पिटलचे दोन फोन मी कट केले. ती कशी गेली, मला माहीत नाही."

शैलेंद्रकाकांनी घड्याळ पाहिलं. तिचं अजून अर्धं मिनिट उरलं होतं. ते तिनं तसंच मोकळं सोडलं.