नवरीच्या डोक्यावरचा दिवा

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ माझी भाड्याची मोटार उभी असायची, आणि तिच्या वायरिंगला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नसे. दापोऱ्याचे कडू पाटील मुलीच्या लग्नासाठी मोटार ठरवायला आले, ते हातात बारीक तारेची गुंडाळी घेऊनच.

"गजाननभाऊ, गाडीत नवरीच्या डोक्यावर मोठा दिवा पाहिजे. मालूचं तोंड बाहेरून दिसलं पाहिजे."

कारण त्यांनी मग चाचरत सांगितलं. मालूची आई तिच्या लहानपणीच गेली. तिला वाढवलं विधवा आत्यानं, रंभाबाईनं. पण पाठवणीला विधवेनं नवरीसमोर यायचं नाही, ही रीत. म्हणून रंभाबाई शाहपूरच्या रस्त्याला केळीच्या बागेत उभी राहणार होती. गाडी जाताना तिला मालू दिसावी, एवढंच. मला त्या रीतीचा असा संताप आला, पण पाटलांपुढे गिळला. तारेवर मात्र काढला.

"ही तार चालायची नाही. जाड आणा."

"वा! दुकानदाराच्या घरात विजेचे दोन लट्टू हिच्यावरच जळतात ना!"

"घरच्या विजेला दाब असतो, पाटील. माझी बॅटरी सहा व्होल्टची. उतारावर पाणी अरुंद पाटातूनही पळतं. सपाट रानात तुम्ही पाट केवढा काढता?"

पाटलांना ते पटलं. तरी गाडीच्या फुलांच्या सजावटीत दिसायला नको म्हणून बारीकच हवी, हा हट्ट काही सुटेना. मी तीच जोडून दाखवली. दिवा विझत्या बिडीसारखा लाल, आणि तार गरम. पाटलांनी बोट झटकलं आणि मुकाट्यानं जाड तार आणली. मग असा लख्ख उजेड पडला, की लग्नाच्या दिवशी भेटेल त्या वऱ्हाड्याला मी तो लावून दाखवत होतो.

दिवेलागणीनंतर पाठवणी निघाली. पुढे माझी मोटार, मागे वऱ्हाडाच्या बैलगाड्या. गाव सुटलं, केळी लागल्या. मी गाडी हळू केली. आत्या कुठे असणार हे मालूला ठाऊक होतं. ती काचेला नाक लावून बघत होती, आणि एकदम रडायलाच लागली.

"गजाननदादा, मला काहीच दिसत नाही! काचेत माझंच तोंड दिसतं."

उजेड सगळा आत, तिला बाहेर नुसतं काळं. शेजारी बसलेला नवरा, लीलाधर, हळूच म्हणाला, "दिवा घालवा ना, भाऊ."

मी गाडी थांबवली. आतला दिवा घालवला, पुढचेही घालवले. जराशानं बांधावर पांढरं लुगडं दिसलं. मालू दार उघडून धावली. रंभाबाई "नको गं, नको गं बाई," म्हणत मागे सरत होती, पण मालूनं तिला मिठीच मारली. दोघींचं रडणं ऐकून मीही डोळे पुसले. त्यात लपवायचं काय?

बैलांचे घुंगरू जवळ आले. मालू परत येऊन बसली. पहिल्या गाडीतून तिचे सासरे सुकलालजी ओरडले, "काय झालं? दिवा कसा गेला?"

याच माणसाला दुपारी मी माझ्या वायरिंगचं कौतुक ऐकवलं होतं.

"तार बारीक पडली हो," मी म्हणालो.